जहाज हलतंय का कॅमेरा? चार्लीचा ‘द इमिग्रंट’ गच्चीवर बघितला त्याची गोष्ट

आधीच सांगतो, आपण काय सिनेमातले जाणकार नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, दिवसभर वेल्डिंग, ग्राइंडर, हातोडा, संध्याकाळी घरी येईपर्यंत कान बधिर झालेले असतात. त्यामुळं असेल कदाचित, पण ज्यात कोण बोलतच नाही असा सिनेमा आपल्याला लई बरा वाटतो. तर गेल्या शनिवारी मेव्हण्याचा प्रोजेक्टर उचलून आणला, गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीला पांढरी चादर चिमट्यांनी ताणून बांधली आणि चार्ली चॅप्लिनचा ‘द इमिग्रंट’ लावला. १९१७ सालचा, मूकपट, जेमतेम २५ मिनिटांचा. त्यातला जवळजवळ निम्मा जहाजावर घडतो आणि हे सगळं टाइप करत बसलोय ते त्या निम्म्यासाठीच.

बघायला कोण कोण होतं ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आबा, आई, बायको, आमची दोन पोरं, खालच्या मजल्यावरच्या काकू, त्यांच्यासोबत शेंगांचा डबा, आणि वर्कशॉपमधला आमचा हेल्पर. हा पोरगा बिहारचा, गयेकडचा, येऊन वर्ष झालं नाही, मराठी अजून तोडकंमोडकं. एरवी टीव्हीवर काय लावलं तर तो कोपऱ्यात मोबाईल बघत बसतो. यावेळी सगळ्यात पहिला हसला तो. आबांच्याही आधी.

सुरुवातच तशी आहे. युरोपातनं अमेरिकेला निघालेलं जहाज, डेकवर गरीब माणसं मेंढरासारखी कोंबलेली, कोण पोत्यासारखं पडलंय, कोणाला मळमळतंय. आणि चार्ली आपल्याकडं पाठ करून कठड्यावरनं खाली वाकलाय, खांदे गदागदा हलताहेत, पाय हवेत. आपल्याला वाटतं झालं, गड्याला समुद्र लागला, आता पोटातलं सगळं बाहेर. आई तर म्हणाली पण, “आग्गं बाई, काय हे दाखवायलाय.” आणि तो वळतो तर हातात फडफडणारा मासा! ओकत नव्हता, मासा पकडत होता. एक शब्द नाही, पाटी नाही, नुसती पाठ दाखवून गंडवलं. मग तो मासा बाजूला झोपलेल्या माणसाजवळ जातो आणि पुढचं तुम्हीच बघा.

आता माझ्या आवडीचा विषय. जहाज डोलतंय कसं?

पहिल्यांदा बघितला तेव्हा मी नुसता हसलो होतो. दुसऱ्यांदा बघताना धंद्याची खोड जागी झाली आणि थांबवून थांबवून बघायला लागलो, बायको वैतागली. डेकवरचे सीन खऱ्या बोटीवर घेतलेत, पण बोट एवढी हलत नव्हती, हलवलाय तो कॅमेरा. चार्लीचा कॅमेरामन होता रॉली टोथरो म्हणून, त्यानं कॅमेऱ्याचं डोकं फिरत्या सांध्यावर बसवलं आणि खाली जड वजन लटकवलं. म्हणजे घड्याळाचा लंबक. एकदा ढकललं की कॅमेरा आपोआप या बाजूला, त्या बाजूला, एका लयीत. हातानं हलवला असता तर धक्के बसले असते, वजनानं कसं गुळगुळीत डोलतंय. आपल्या भाषेत सांगायचं तर मोटर नाही, गिअर नाही, एक पिव्हट आणि एक वजन, खर्च काही नाही, काम फर्स्टक्लास.

पण खरी गंमत आतल्या जेवणाच्या खोलीत आहे. तिथं कॅमेरा हलवून भागलं नसतं, कारण कॅमेरा कितीही वाकडा केला तरी टेबलावरची ताटली जागची हलणार नाही ना? म्हणून तिथं अख्खा सेटच कमानींवर उभा केलाय, डोलखुर्चीच्या खाली असतात तशा. खोली, टेबल, बाकडी, बाकड्यावरची माणसं, सगळं एकदम कलतं. म्हणून तिथलं घसरणं खरं आहे, आणि ते बघताना कळतं. डेकवर माणसं घसरल्याचा अभिनय करताहेत, आणि खोलीत ती खरोखर घसरताहेत आणि न घसरण्याचा प्रयत्न करताहेत. दोन्हीतला फरक एकदा दिसला की परत परत बघावंसं वाटतं. अशा सेटचा भार घ्यायला मी कुठला लोखंडी सेक्शन वापरला असता याचा हिशेब मी तिथंच गच्चीवर करत बसलो होतो, पोरगी म्हणाली, “बाबा, पुढं जाऊ दे की.”

त्या टेबलावर एकच सूपाची ताटली आहे आणि समोरासमोर दोघे, चार्ली आणि एक पडेल चेहऱ्याचा प्रवासी (अल्बर्ट ऑस्टिन, चार्लीच्या टोळीतला नेहमीचा गडी). जहाज इकडं कललं की ताटली चार्लीकडं सरकते, तो पटकन एक चमचा मारतो. जहाज तिकडं कललं की ताटली समोरच्याकडं, त्याचा एक चमचा. परत इकडं. परत तिकडं. भांडण नाही, ओढाताण नाही, ज्याच्या बाजूला उतार त्याचा घास. डोळ्यासमोर आणा, आपल्याकडं एकाच वाटीत तांबडा रस्सा आहे, समोर पाव्हणा बसलाय आणि टेबल एका पायाला आखूड आहे. आमचे आबा या सीनला इतके हसले की ठसका लागला, काकूंनी पाणी आणून दिलं. आबांना सहसा हसू येत नाही, खासबागेत कुस्त्या बघतानासुद्धा ते तोंड वाकडं करूनच बसायचे.

मला स्वतःला तो सीन जरा जास्तच लागू पडला. आपण कोल्हापूरकर, पाणी बघायचं तर रंकाळा नाहीतर पंचगंगेचा पूर, समुद्राशी आपला संबंध वर्षातनं एकदा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला होडीत बसलो होतो, अंतर तसं काहीच नाही, किल्ला समोर दिसतोय, पण वारा होता आणि होडी अशी वर-खाली व्हायला लागली की सकाळची मिसळ मध्यावर आली. मी पण त्या कठड्याला चार्लीसारखाच लटकलो होतो, फक्त वळलो तेव्हा हातात मासा नव्हता.

जहाजावरचं सगळंच उत्तम आहे असं नाही. मळमळण्याचे विनोद जरा ताणलेत, एकाला उमासे येताहेत म्हणून दुसऱ्याला येताहेत, हे एकदा ठीक, सारखं सारखं काय. एक जाड बाई डेकवर गडगडत राहते, ती बाई म्हणजे हेन्री बर्गमन नावाचा पुरुष नट आहे, त्या काळात लोक पोट धरून हसले असतील, आमच्या गच्चीवर फक्त पोरं हसली. आणि पत्ते-फाशांचा डाव आहे त्यात कोण कोणाला फसवतोय हे पहिल्या फटक्यात नीट कळत नाही. चार्ली फासे टाकताना बेसबॉलच्या बॉलरसारखी ॲक्शन घेतो, ते आपल्याला कुठलं कळायला, पोराला वाटलं बुमराह.

पण त्याच डावातनं पुढं जे होतं ते फार छान. एक म्हातारी आणि तिची पोरगी (एडना पर्व्हियन्स) असे दोघीच प्रवास करताहेत. म्हातारी झोपलेली असताना त्या डावातला एक जुगारी तिची पुंजी चोरतो आणि तीच डावावर लावतो, चार्ली जिंकतो. मग पोरगी रडताना दिसते तेव्हा चार्ली जिंकलेल्या नोटा गुपचूप तिच्या खिशात सरकवतो. इथपर्यंत कुठल्याही हिरोनं केलं असतं. पण हा थांबतो, विचार करतो, परत हात घालतो आणि त्यातल्या थोड्या नोटा स्वतःसाठी काढून घेतो! आणि नेमकं त्याच वेळी अधिकारी बघतो, आणि धरतो त्याला खिसेकापू म्हणून. आबा म्हणाले, “हां, हा माणूस खरा हाय.” सगळं दान करून टाकणारा माणूस आबांना पटत नाही, सावकारी बघितलीय त्यांनी.

थोडं विषयांतर, पण कोल्हापुरात बसून मूकपटाबद्दल लिहायचं आणि बाबूराव पेंटरांचं नाव घ्यायचं नाही हे बरं दिसत नाही. तिकडं टोथरो कॅमेऱ्याला वजन लटकवत होता त्याच सुमाराला इकडं आपल्या गावात बाबूराव आणि त्यांचे सहकारी दामले मिळून अख्खा कॅमेराच घरी तयार करत होते, परदेशी कॅमेरा मिळेना, परवडेना, मग लेथवर पार्ट काढून काढून जोडला. १९१८ चं ते काम, आणि १९२० मध्ये त्यावर काढलेला ‘सैरंध्री’ लोकांनी बघितला. खरी कॉर्नरला जो कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज ज्याच्या शेजारनं आपण हॉर्न मारत जातो, तो त्यांचाच. त्यांच्या त्या काळातल्या बहुतेक फिल्म आज बघायलाच मिळत नाहीत आणि अमेरिकेतली ही २५ मिनिटं मात्र मेव्हण्याच्या प्रोजेक्टरवर चकाचक दिसतात. याचं मला फार वाईट वाटतं, पण राहू दे.

चकाचकवरनं आठवलं, कॉपी बघून घ्या. हे रिव्ह्यू लिहिण्याचं अर्धं कारण हेच आहे. मी पूर्वी एका दुकानातनं चार्लीच्या डीव्हीडीचा सेट घेतला होता, त्यात याच फिल्ममध्ये लोक मुंगी चावल्यासारखे टुणुक टुणुक पळत होते, वरनं कोणीतरी हिंदीत पाचकळ बडबड घातलेली, चार्ली पडला की “अरे गिर गया!” अरे आम्हाला दिसतंय की. तो सेट मी वर्कशॉपमध्ये ग्लासाखाली ठेवायला वापरला.

तर पळण्याचं कारण असं आहे की त्या काळी कॅमेरा हातानं हँडल फिरवून चालवायचे, सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रं. पुढं बोलपट आले आणि सगळ्या मशिनी २४ वर फिक्स झाल्या. आता १८ च्या स्पीडनं काढलेलं २४ नं फिरवलं तर काय होणार, ड्रिलचा बेल्ट चुकीच्या पुलीवर चढवल्यासारखं. म्हणून आपल्याला वाटतं मूकपट म्हणजे पळापळ. तशी ती नव्हती, एवढी तरी नव्हती. त्यात १९३२ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं चार्लीच्या या काळातल्या बारा फिल्म विकत घेऊन त्याला बँडचं म्युझिक आणि ठॉक-फट-टिंग असे आवाज चिकटवले, आणि आवाजाची पट्टी बसवायला चित्राची एक कड कापली गेली. फुकटात फिरणाऱ्या बऱ्याच कॉपी त्या वाणाच्या आहेत. ओळखायची खूण म्हणजे म्युझिक एकसारखं भरधाव आणि फ्रेमच्या डाव्या कडेला माणसं अर्धी कापलेली. त्या घेऊ नका. इटलीतल्या बोलोन्याच्या सिनेमाथेकनं (म्हणजे जुन्या फिल्म जपणारी संस्था) आणि पॅरिसच्या लॉबस्टर फिल्म्सनं मिळून नीट साफ केलेली आहे ती बघा, त्यात स्पीड बरोबर आहे, कोटाच्या शिलाया दिसतात, आणि सूपाची ताटली ज्या गतीनं सरकायला पाहिजे त्या गतीनं सरकते. ताटली भरधाव गेली की तो विनोदच मेला, कारण सगळा मजा वाट बघण्यात आहे, आता येणार, आता येणार, आली, मार चमचा. पाट्या इंग्रजीत आहेत पण मोजक्याच, आमच्या पोरीनं वाचून मराठीत सांगितल्या, दोन-तीन ठिकाणी स्वतःच्या मनाचं पण सांगितलं असणार.

जहाजाचा शेवट जिथं होतो तिथं गच्ची एकदम गप्प झाली. पाटी येते की स्वातंत्र्याच्या भूमीत आगमन. समोर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, सगळे उभं राहून बघताहेत, चेहऱ्यावर आनंद. आणि पुढच्याच क्षणी अधिकारी येतात आणि दोर लावून सगळ्यांना एका बाजूला ढकलून कोंडतात, गुरांना वाड्यात घालतात तसं. चार्ली त्या दोराकडं बघतो, परत पुतळ्याकडं बघतो. बास. जाता जाता अधिकाऱ्याच्या ढुंगणावर एक लाथ. आमचा हेल्पर म्हणाला, “शेठ, जनरल डब्बा ऐसाच आहे.” धनबादवरनं येणारी ती दीक्षाभूमी एक्सप्रेस, त्यात गयेला चढला होता, कुठं बसला होता तर संडासाच्या दाराला टेकून. मग त्यानं सगळा प्रवास सांगितला, अर्धा हिंदीत अर्धा मराठीत, काकूंनी त्याच्यापुढं शेंगांचा डबा सरकवला. फिल्म दहा मिनिटं थांबवून ठेवली होती आम्ही. हा पोरगा माझ्याकडं आला त्याला वर्ष होईल आता, आणि मी कधी विचारलंच नव्हतं तू आलास कसा.

(चार्लीची पुढची गोष्ट माहीत नसेल तर सांगतो. १९५२ मध्ये तो स्वतःच्या नव्या सिनेमासाठी लंडनला निघाला, जहाजानंच, आणि जहाज समुद्रात असतानाच अमेरिकेनं त्याचा परतीचा परवाना रद्द केला. परत पाय ठेवला तो थेट १९७२ मध्ये, ऑस्कर घ्यायला.)

दुसरा अर्धा भाग हॉटेलात आहे. त्यावर थोडक्यात. खिशात दमडी नसलेला चार्ली, रस्त्यावर एक नाणं सापडतं, आत जाऊन बीन्स मागवतो, आणि नाणं खिशाच्या भोकातनं केव्हाच पडलंय. वेटर म्हणजे एरिक कॅम्पबेल, दाराएवढा माणूस, भुवया अशा की नुसतं बघितलं तरी बिल आठवावं. दहा सेंट कमी पडले म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाला बाकीचे वेटर बुकलून काढताहेत, ते बघत बघत चार्ली बीन्स खातोय. लग्नाआधी मी बायकोला एका हॉटेलात नेलं होतं आणि ताटं आल्यावर पाकीट घरी राहिल्याचं कळलं, ते पुढचं पाऊण तास मी जे पापड चावले ते आठवून आजही घाम येतो. बायको सगळ्यांसमोर म्हणाली, “हे बघा, हे तेव्हा असेच हात पुसत होते.”

हा कॅम्पबेल त्याच वर्षी डिसेंबरात मोटार अपघातात गेला, हे वाचल्यावर त्याचा दरारा बघताना जरा कसंतरी होतं.

आणि गंमत म्हणजे शूटिंग आधी हॉटेलचंच झालंय. चार्लीला आधी फक्त हॉटेलाची कल्पना होती, वेटर आधी तो जाड बाई झालेला बर्गमन होता, पण त्याची भीती वाटेना म्हणून कॅम्पबेलला घातलं आणि बर्गमनला पुढं चित्रकार केला. त्या टेबलावर सारखं सारखं रीटेक करून एडनाला बीन्स खाऊन खाऊन त्रास झाला म्हणे. मग चार्लीला प्रश्न पडला की हे दोघं एकमेकांना ओळखतात कुठनं, आणि त्याचं उत्तर म्हणून जहाज आलं. म्हणजे कपाट आधी बनवलं आणि घर नंतर. ४० हजार फुटांपेक्षा जास्त फिल्म खर्च केली आणि ठेवली दोन हजार फुटांच्या आत. एवढा स्क्रॅप आमच्या धंद्यात काढला तर दुकान बंद होईल! पण म्हणूनच जोड दिसतो हे पण खरं, जहाजावरनं एकदम हॉटेलात येताना मला धक्का बसलाच, वेल्ड मारलाय पण ग्राइंड केला नाही असं.

त्या जोडात एक गोष्ट मात्र जबरदस्त. हॉटेलात एडना परत भेटते, चार्लीला आनंद होतो, आई कुठाय वगैरे. तिच्या हातात रुमाल आहे, काळ्या काठाचा. चार्लीची नजर त्यावर जाते. एवढंच. तिकडं काळा काठ म्हणजे सुतक, म्हणजे तिची आई गेली, हे पोरांना सांगावं लागलं, आईला नाही, ती आपसूक “च् च्” म्हणाली.

ज्यांना यंत्रं-बिंत्रं आवडतात त्यांनी यानंतर बस्टर कीटनचा ‘द बोट’ पण बघा, १९२१ चा. त्यात गडी घराच्या तळघरात बोट बांधतो आणि ती दारातनं बाहेर निघत नाही. पुढं काय ते सांगत नाही, पण माप न घेता काम करणाऱ्या समस्त उद्यमनगरनं तो सक्तीनं बघावा. आबांना कीटन आवडला नाही, हसतच नाही म्हणे मेला. मी म्हटलं, तुम्ही तरी कुठं हसता.

माझ्याकडनं ‘द इमिग्रंट’ला पाचात साडेचार. अर्धा त्या जोडाचा कापला.

शेवट बघून झाल्यावरचं सांगायचं राहिलं. तो चित्रकार चार्ली आणि एडनाला मॉडेल म्हणून कामावर ठेवतो, आणि चार्ली काय करतो, तर काम सुरू व्हायच्या आधीच त्याच्याकडनं दोन डॉलर ॲडव्हान्स मागतो, आणि भर पावसात तिला उचलून लग्नाच्या ऑफिसात नेतो. आबा म्हणाले, “उचल घेऊन लगीन! ह्यो नक्की कोल्हापूरचा असणार.” सगळे हसले, चादर सोडली, प्रोजेक्टर बॉक्समध्ये गेला. सोमवारी सकाळी शटर वर केलं तर आमचा हेल्पर आधीच येऊन उभा, मान खाली, आणि बोट टोपीला लावून अगदी चार्लीसारखं विचारतोय, “शेठ, थोडी उचल मिळेल काय?”